भिंतीवरची नान

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दहा महिने एक नान टांगलेली होती. पूर्ण नव्हती. एका कडेचा एक घास कमी होता. तो घास माझ्या बायकोनं, गयानं खाल्ला होता, आणि उरलेली नान दवाखान्यातून परत येऊन खाईन म्हणून ठेवली होती. ती आली नाही. मग त्या नानचं करायचं काय, हा प्रश्न माझा होताच, पण माझ्यापेक्षा जास्त इस्माईलभाईचा होता. नान त्याच्या हातची आणि टांगायची रीतही त्यानंच सांगितलेली. आता तोही नाही. सिल्लोडला लेकीकडं गेला आणि दोन महिन्यांत तिथंच गेला. म्हणून लिहून ठेवतो. चौथी शिकलेला माणूस आहे मी. जन्मभर गवंडीकाम केलं. ओळंबा लावून भिंत सरळ काढता येते, लिहिणं तसं निघेलच असं नाही.

इस्माईलभाईची भट्टी औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरावं अशा बोळात. गावाचं नाव बदललं तेव्हा सगळ्या दुकानांच्या पाट्या बदलल्या. याच्या भट्टीला पाटीच नव्हती, त्यामुळं तिथं बदलायला काही नव्हतं. लोक वासावर यायचे. लग्न असलं, दर्ग्याच्या नवसाची कंदुरी असली, की मटणाच्या खलियाच्या डेगी एकीकडं चढायच्या आणि नानसाठी माणूस याच्याकडं पळायचा. पिवळसर नान, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेली, तळहातापेक्षा थोडी मोठी.

भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मोठा मातीचा रांजण. तळाला निखारे, आणि पोटाला नान चिकटवायची. तिच्या शेजारी कमरेएवढा खड्डा, त्यात हा बसायचा. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी त्याला छातीपासून वरच पाहिला. एकदा एका लग्नात त्याचा रोजचा गिऱ्हाईक त्याच्या शेजारी बसून जेवला आणि ओळखलं नाही. शेवटी यानंच हात पुढं केला. उजव्या हाताला कोपरापर्यंत एक केस नव्हता, भट्टीनं कधीच खाल्लेला. गिऱ्हाईक म्हणाला, अरे, तुम्हाला पाय पण आहेत का. इस्माईलभाई ही गोष्ट लई आवडीनं सांगायचा.

माझी त्याची ओळख माझ्या चुकीनं झाली. त्याची भट्टी आतून तडकली होती. जुना कारागीर वारला होता म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी तेव्हा मोठाल्या बिल्डिंगांवर काम करणारा. वाटलं, रांजणाला आतून गिलावा करायला काय लागतं. मातीत दोन घमेली सिमेंट मिसळलं, पक्कं व्हावं म्हणून, आणि त्याला काही बोललो नाही. चार दिवसांनी त्यानं लाकडं पेटवली. तासाभरात आतून असा फट्ट आवाज आला की बोळातली कुत्री उठून बसली. गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून निखाऱ्यात पडला होता. इस्माईलभाईनं आत वाकून पाहिलं. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यानं समोरच्या टपरीवर दोन बोटं दाखवली. चहा आला. अर्धा चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "सिमेंट घातलं ना?"

मी म्हणालो, व्हय.

"मिस्त्री, सिमेंट घराला. हे पोट आहे. पोटाला फुगायला जागा लागते."

मग तीन दिवस तो माझ्या डोक्यावर उभा. चाळलेली माती, बकरीचे केस, बारीक भुसा, गुळाचं पाणी. पायानं तुडवायला लावायचा. मी म्हणायचो झालं, तो चिमूट घेऊन बोटांत चोळायचा आणि म्हणायचा, अजून. त्याचं सगळ्याला हेच असायचं. खमीर चढलं का, अजून. चहा उकळला का, अजून. पण एकदा झालं म्हणाला की झालं. त्यानंतर दरवर्षी भट्टीचं पोट मीच लिंपलं. ओळख वाढत गेली ती अशी.

तरुणपणी तो आखातात होता, एका मोठ्या कामगार छावणीच्या भटारखान्यात. तिथं सतरा देशांची माणसं, आणि हा त्या सगळ्यांसाठी भाकरी भाजायचा. भाकरी हा माझा शब्द. त्याच्याकडं प्रत्येकीला वेगळं नाव होतं. त्याला देश भाकरीवरूनच कळायचे. नकाशा कधी पाहिला नसेल. टीव्हीवर कुठं लढाई चालू असली की विचारायचा, हे कुठलं. मी वाचून सांगायचो, यमन. की म्हणायचा, हां, सायकलच्या चाकाएवढी. म्हणजे तिथली भाकरी सायकलच्या चाकाएवढी. इराकची होडीसारखी, दोन्ही टोकं निमुळती. हबशी लोकांची आंबट, जाळीदार, ताटभर पसरायची, तिच्यावरच कालवण वाढायचं, म्हणजे शेवटी ताटच खाऊन टाकायचं. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या लोकांच्या भाकरीच्या नावाचा अर्थ जगणं, असं त्याला तिथल्या एका सुतारानं सांगितलं होतं. हे सांगताना तो दर वेळी थांबायचा, मग म्हणायचा, बघा, आपण नुसतं नान म्हणतो. फिलिपिनच्या पोरांचे छोटे पाव, वरून पावाचा भुगा लावलेले, ते कॉफीत बुडवायचे. इराणी लोक तापलेल्या गोट्यांवर लांबच लांब रोटी भाजायचे. भट्टीत हात घालून नान थापताना त्याच्या तोंडी बारीक आवाजात हेच चालायचं. मिसर, यमन, हबश, इराण. एकेका नानला एकेक देश. नवा गिऱ्हाईक समजायचा, म्हातारा काहीतरी पढतोय.

मी एकदा विचारलं, तिकडच्या लोकांची नावं आठवतात का. म्हणाला, नावं थोडी. पण कोण काय मागायचा ते सगळं आठवतं. छावणीत माणूस आधी पगाराचं बोलतो, मग बायकोचं, आणि वर्ष उलटलं की फक्त घरच्या भाकरीचं बोलतो. असं तो म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी भट्टी बंद असायची. नमाज पढून तो आमच्याकडं यायचा. आम्ही दोघंच नवराबायको, मूलबाळ नाही. त्याची बायको लेक लहान असतानाच गेलेली. गयाच्या हातची ज्वारीची भाकरी त्याला फार. आला की काठवटीशेजारी पाट घेऊन बसायचा आणि नुसतं बघायचा. गहू ताणला तर ताणतो, ज्वारी ताणत नाही, मोडते. तरी ही बाई नुसत्या तळहातानं थापत थापत ताटाएवढी भाकरी करते, हे त्याला पटायचंच नाही. म्हणायचा, भाभी, सतरा देशांत असं कुणी करत नाही. गया म्हणायची, भाऊ, सतरा देशांत ज्वारी नसंल. एकदा त्यानं हट्टानं हात लावला. चाळीस वर्षं पिठात घालवलेला माणूस, पण भाकरी उचलायला गेला आणि तिचे तीन तुकडे झाले. गया पदर तोंडाला लावून हसत सुटली. तेच तुकडे त्यानं तव्यावर टाकले आणि खाल्ले, वर म्हणाला, हा यमनचा, हा मिसरचा, हा माझ्या तोंडाचा.

मग तो तिला एकेक देश करून दाखवायला लागला. हबशी भाकरीला लागणारं धान्य इथं मिळेना, म्हणून त्यानं ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवलं. गयानं चव घेतली आणि म्हणाली, ही तर आमची आंबील, फक्त वाळवलेली. तो नाराज झाला नाही. म्हणाला, मग हबशी तुमचे पाहुणे निघाले भाभी.

इराणी रोटीच्या वेळी मात्र घोटाळा झाला. त्याला गोटे पाहिजे होते. मी तेव्हा बिडकीनच्या बाजूला कामाला होतो, तिथून पैठण जवळ. नदीतले गुळगुळीत गोटे निवडून पिशवीभर आणले. त्यानं ते तापवले, त्यावर कणीक पसरली, रोटी फुगली, सगळं छान. पण मी आणलेले काही गोटे फारच बारीक होते आणि ते खालून रुतून बसले. त्यानं झटकली, पण एक राहिला. गयाच्या दाताखाली आला. डाव्या बाजूच्या दाढेचा टवका उडाला. ती गाल धरून म्हणाली, "इराणी लोकं दगडं बी खातेत व्हय?" इस्माईलभाईचा चेहरा एवढासा झाला. पुढचे दोन शुक्रवार तो तिच्यासाठी दुधात भिजवलेली मऊ नान घेऊन आला आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिला. तेव्हापासून गया उजव्या बाजूनं चावायची.

या सगळ्या लोकांत एकाचं नाव मात्र त्याला पक्कं आठवायचं. ताहिर. उझबेकिस्तानचा. भटारखान्यातला त्याचा उस्ताद. तिकडं पण नानच म्हणतात तिला, हे सांगताना इस्माईलभाईला आपल्या नात्यातलं कुणी सापडल्यासारखं व्हायचं. त्यांच्या नानच्या मधोमध टोचून टोचून फूल काढतात, म्हणजे मधला भाग फुगत नाही. त्यासाठी मीच त्याला एक ठसा करून दिला, लाकडाच्या गोल तुकड्यात खिळे ठोकून. तो ठसा तो वेगळ्या फडक्यात ठेवायचा, रोजच्या नानला वापरायचा नाही.

टांगायची रीत त्यानं आम्हाला असंच एका शुक्रवारी सांगितली. ताहिरच्या गावात घरचा माणूस लांब निघाला की आई ताजी नान पुढं करते. त्यानं एक घास खायचा. उरलेली नान भिंतीवर टांगायची. माणूस जगात कुठंही असो, त्याचं अन्न घरी बाकी आहे. त्यानं परत येऊन ती संपवायची. गयाला हे फार आवडलं. म्हणाली, म्हणजे नान माणसाला बांधून ठेवती. तो म्हणाला, हो भाभी. आणि का कोण जाणे, लगेच उठून गेला, चहाला थांबला नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी होळीच्या आसपास गयाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. ती जन्मात कधी दवाखान्यात राहिली नव्हती. सकाळी पिशवी भरली, लुगडं बदललं, आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबली. पाय उचलेना. मी म्हणालो, देवळात जाऊन येऊ. नको म्हणाली. म्हणाली, भाऊला बोलवा, अन् ती फुलाची नान आणायला सांगा.

मी रिक्षा करून गेलो. भट्टी नुकती तापत होती. ऐकून त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग ठसा काढला, वरून तीळ लावले, आणि नान फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर आला. गयानं ती दोन्ही हातांत धरली. अजून वाफ होती. उजव्या बाजूनं एक घास तोडला, सावकाश चावला, गिळला. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, हे खरंच चालतं का?"

तो म्हणाला, "चालतं, भाभी."

तिनं नान माझ्या हातात दिली आणि उंबरा ओलांडला.

ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, माझ्याशी बोलली. चौथ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी त्यांचं केलं, त्यांना काही म्हणायचं नाही. तिला घरी आणलं तेव्हा इस्माईलभाई बाहेर आमच्या गल्लीत उभा होता. दार सताड उघडं, आत भिंतीवर ती नान दिसत होती. त्यानं ती पाहिली आणि तोंड फिरवलं. खांदा द्यायला मात्र पुढं आला, आणि घाटापर्यंत कुणाला बदलू दिला नाही.

तेराव्याला लोक म्हणाले, ती नान काढा, बरं नाही. मी काढली नाही. शेजारीण म्हणाली, गाईला घाला. घातली नाही. मला येडा म्हणा. माणूस जळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी स्वयंपाकघरात गेलं की वाटायचं, कुणाचं तरी जेवण अर्धं राहिलंय, आता हात धुवायला गेलंय, येईल. मी त्या भिंतीकडं पाठ करून बसत नव्हतो.

इस्माईलभाई शुक्रवारी येतच राहिला. आता मी चहा करायचो, तो पाटावर बसायचा. काठवट भिंतीला उभी लावून ठेवलेली. एका शुक्रवारी भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थप थप थप, मधे बांगड्या. आमच्या दोघांच्या हातातले कप जिथल्या तिथं थांबले. भिंतीपलीकडं शेजारणीचं स्वयंपाकघर आहे, ते मलाही माहीत, त्यालाही. पण आवाज बंद होईपर्यंत कुणी घोट घेतला नाही. मग तो हळूच म्हणाला, आज जोरात थापतायत. मी म्हणालो, व्हय.

पावसाळ्यात त्यानं एक काम लावून घेतलं. नानला बुरशी धरू नये म्हणून दर शुक्रवारी ती उतरवायचा, बोटाच्या पेरानं टकटक करून कानाशी धरायचा, फडक्यात घालून भट्टीवर न्यायचा, ऊब देऊन संध्याकाळच्या आत परत टांगायचा. तेवढ्या दोन तासांत मला घरात बसवत नव्हतं. एकदा तो टांगत असताना मी विचारलं, तुझ्या त्या उस्तादाच्या गावात, माणूस परत आलाच नाही तर नानचं काय करतात.

तो भिंतीकडं तोंड करूनच उभा राहिला. म्हणाला, "मला माहीत नाही. ताहिर परत गेला नाही, मिस्त्री."

मग सगळं सांगितलं. सकाळच्या भाकऱ्या उतरवून ताहिर पिठाच्या पोत्यांना टेकून बसला होता. हा समजला, डोळा लागलाय. पोरांना म्हणाला, उस्तादला झोपू द्या. दुपारपर्यंत कुणी हात लावला नाही. त्याची पेटी यानंच भरली, दोन सदरे, एक टोपी, ठसा. पेटी गेली. त्याच्या आईच्या भिंतीवर त्याची नान तशीच असणार, असं हा तेव्हापासून धरून चालला होता. म्हणजे ती रीत सांगताना त्याला माहीत होतं. आणि गया उंबऱ्यावर उभी होती तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "मग चालतं कशाला म्हणालास?"

"त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. दुसरं काय म्हणू?"

"खोटं बोललास तिच्याशी. मरायला निघालेल्या बाईशी खोटं बोललास. चालता हो."

त्यानं नानची दोरी नीट बसली का पाहिलं. मग चपला घातल्या आणि गेला.

खरं सांगायचं तर तो चालत नाही म्हणाला असता तरी ती गेलीच असती, दवाखान्यात आणि पुढंही; फक्त जास्त भिऊन. हे मला त्याच दिवशी कळत होतं. पण मला कुणावर तरी राग काढायचा होता. देव समोर नसतो. हा होता.

पुढच्या शुक्रवारी तो आला. मी दार उघडलं नाही. बाहेर चपला थांबलेल्या ऐकू आल्या, मग गेलेल्या. असे तीन शुक्रवार. चौथ्याला आल्या नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि नानच्या कडेला हिरवा ठिपका दिसला, अगदी जिथं घास तुटला होता तिथं.  ओल्या फडक्यानं पुसलं आणि तव्यावर ऊब द्यायला ठेवली. मला काय कळतंय त्यातलं. करपल्याचा वास आला तेव्हा उचलली. एका बाजूला रुपयाएवढा काळा डाग. मी ती परत टांगली आणि दोन दिवस स्वयंपाकघरात गेलो नाही, बाहेरच खाल्लं.

थंडीत कळलं की भट्टी बंद होणार. गुडघे गेले होते, डॉक्टरांनी खड्ड्यात उतरायला मनाई केली होती, आणि सिल्लोडहून लेक न्यायला येणार होती. मी भिंतीवरून नान काढली, गयाच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो खड्ड्याच्या कडेला बसून नान काढायच्या सळया पुसत होता. मला पाहून त्यानं शेजारचं पोतं सरकवलं. मी बसलो. त्यानं फडकं उलगडलं, टकटक केलं, काळा डाग पाहिला.

"तव्यावर ठेवली?"

"व्हय."

"मला बोलवायचं."

"कुठल्या तोंडानं?"

तो जरा हसला. मग म्हणाला, या महिन्यांत त्यानं लई जणांना विचारलं. हजहून आलेल्यांना, लेकीच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांना, छावणीतल्या एका जुन्या साथीदाराचा नंबर मिळवून त्यालाही. न आलेल्या माणसाच्या नानचं काय करतात, कुणाला माहीत नव्हतं. ताहिरच्या गावचं कुणी सापडलं नाही.

"उस्तादनं पुढचं शिकवलंच नाही मिस्त्री. पण शिळ्या नानचं काय करतात ते मला माहीत आहे. भिजवायची आणि नव्या खमिरात मळायची. टाकायची नाही. उद्या शेवटची भट्टी आहे. तुम्ही हो म्हणाला तर आज भिजवतो. नाही म्हणाला तर घेऊन जा, टांगा. मी सिल्लोडहून येत जाईन तिला बघायला."

गुडघे गेलेला माणूस एसटीनं येऊन भिंतीवरची नान बघणार होता. आणि तो आलाही असता.

मी म्हणालो, "लोकांनी खाल्ली तर तिच्यासाठी काही राहत नाही. मग ती कशाला येईल."

"नाही येणार, मिस्त्री."

दहा महिन्यांत हे मला कुणी असं सरळ बोललं नव्हतं. लोक म्हणायचे देवाघरी गेली, सुटली, सवाष्ण गेली. मी भट्टीच्या तोंडाकडं बघत बसलो. आत मीच लिंपलेली माती, तांबूस झालेली.  त्यानं घाई केली नाही, सळया पुसत राहिला.

"भिजव," मी म्हणालो.

त्यानं परातीत कोमट पाणी घेतलं आणि नान तशीच अख्खी त्यात ठेवली, फुलाची बाजू वर. ती तरंगली. आम्हाला वाटलं विरघळेल, पण लई वेळ तरंगत राहिली. मग एका कडेनं पाणी आत शिरलं, घास तुटला होता त्या कडेनं, आणि ती सावकाश खाली बसली. इस्माईलभाईनं परातीवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तिथंच होतो. भिजलेली नान त्यानं नव्या खमिरात मळून ठेवली होती. शेवटचा दिवस म्हणून सगळा मोहल्ला आलेला. तो दोघांच्या आधारानं खड्ड्यात उतरला. नान थापताना दर वेळी त्याच्या तोंडी देश असायचे, त्या दिवशी ओठ बंद होते. मी कान देऊन होतो. काही नाही. फक्त कणकेचा उंडा नान थापायच्या कापडी गादीवर पसरल्याचा आणि भट्टीच्या पोटाला चिकटल्याचा आवाज. लोक गरम नान फडक्यात, पेपरात, पदरात घेऊन बोळातून निघत होते. एक बाई चालता चालताच तोडून खात होती. एक म्हातारा दोन नान छातीशी धरून गेला. मी प्रत्येकाला कोपऱ्यापर्यंत बघत होतो. ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, त्यात काय आहे माहीत आहे का तुम्हाला. नाही बोललो.

दुपारी उंडे संपले. शेवटची नान त्यानं सळईनं उचलली आणि कुणाला दिली नाही. त्याला वर काढलं. लेक रिक्षा घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी होती, तिथून स्टँडवर जायचं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला, नानचे दोन तुकडे केले, एक मला दिला. आम्ही उभ्यानंच खाल्ली. तो डोळे मिटून चावत होता. मीही घास सावकाश चावला, गिळला.

त्यानं डोळे उघडले. "मीठ कमी झालं आज."

मी म्हणालो, "व्हय. जरा कमीच आहे."

"पाणी जास्त पडलं त्या परातीत. लक्षात यायला पाहिजे होतं." त्याला ते मनापासून लागलं होतं, शेवटच्या घाण्याला मीठ कमी पडावं हे. हातातला तुकडा उलटसुलट करून त्यानं पाहिला आणि पुन्हा एक घास घेतला. लेकीनं हाक मारली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो बोळातून निघाला, गुडघा दुखला की थांबायचा. रिक्षात बसला, पाय उचलून आत घेतले.  तोंडात घास होता. रिक्षा वळेपर्यंत त्याचा जबडा हलताना मला दिसत होता.